कापून टाकलेले सात सेकंद

अकरावीत असताना मी खेळण्यांवर बोलायचे. नवं खेळणं खोक्यातून काढायचं, मोबाइलसमोर धरायचं, ते काय काय करतं ते करून दाखवायचं आणि शेवटी घ्यावं की न घ्यावं ते सांगायचं, एवढाच तो उद्योग. लहानपणी मला स्वतःला फारशी खेळणी मिळाली नव्हती म्हणून असेल, पण खोक्याची चिकटपट्टी नखाने उचकटताना पोटात जे व्हायचं ते अजून आठवतं. चॅनेलचं नाव ‘जुईचं खेळघर’. बघणारी मंडळी म्हणजे आमची बिल्डिंग, माझा वर्ग, आणि कुठून कुठून आलेली, मला कधीच न दिसलेली माणसं. ती मला ‘ताई’ म्हणायची. ‘ताई, हे घेऊ का? ताई, ते टिकेल का?’ सोळाव्या वर्षी अनोळखी लोक असं विचारायला लागले की माणूस जरा हवेत जातो. मीही गेले होते.

आम्ही खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या बाजूला राहायचो. तीन मजली जुनी इमारत, मजल्यावर चार घरं आणि चौघांची मिळून एक गॅलरी. बाबा एसटीत ड्रायव्हर. कोकणातल्या गाड्यांवर असायचे, एक दिवस घरी तर दोन दिवस रस्त्यावर. आई ऑफिसांना पोळ्या करून द्यायची. पहाटे परातीचा आवाज, मग लाटण्याचा, मग डेपोत गाड्या तापवायला लावल्या की त्यांची घरघर, आणि या सगळ्यात आई स्वतःशीच मोजत असलेल्या पोळ्या. दुपारी दोनला हे थांबायचं. आई भिंतीला टेकून पाय पसरायची आणि तीच माझी वेळ असायची. पंखा बंद करायचा, कारण त्याचा आवाज व्हिडिओत यायचा. खिडकी लावून घ्यायची. तरीही लाउडस्पीकरवरची बाई मधूनच ‘फलाट क्रमांक सहा’ म्हणायचीच, आणि मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून बोलायचे. कॉटवर निळी चादर, समोर डाळीच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, मी घामाने निथळतेय आणि आई झोपेत पुटपुटतेय, ‘हळू बोल गो, मेल्यांना बहिरं करशील.’

शेजारच्या खोलीत दीपाताई राहायची. तिचा नवरा सचिनदादा घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर होता. दोन मुलं. अर्णव पहिलीत, आणि ओवी सव्वा वर्षाची. दीपाताई घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळे तिच्या घरात टाचण्या, हुक, बटणं. पण ओवी रांगायला लागल्यापासून तिने सगळं उचलून फडताळाच्या वरच्या खणात ठेवलं होतं. काम संपलं की दोरीला बांधलेलं लोहचुंबक सगळ्या फरशीवरून फिरवायची, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि चिकटलेल्या टाचण्या मोजायची. इतकी सांभाळून असणारी बाई मी नंतरही फार पाहिली नाही. ओवी आमच्याकडेच असायची निम्मा वेळ. आईच्या मांडीला धरून उभी राहायची आणि ‘पो, पो’ करायची. आई दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा तिला भरवायची. गिळला की ओवी तोंड उघडून दाखवायची, की बघ, संपला.

नौपाड्यात एका गल्लीत विनोदशेठचं खेळण्यांचं दुकान होतं. माझे व्हिडिओ त्यांच्या मुलीने त्यांना दाखवले होते. एक दिवस त्यांनी बोलावून घेतलं. गोल चेहऱ्याचा, सतत रुमालाने मान पुसणारा माणूस. म्हणाले, ‘नवा माल आलाय. तू बोल त्यावर. खेळणं तुला ठेव, आणि हा लाइट पण घेऊन जा, आमच्याकडे पडून आहे.’ तो गोल दिवा, ज्याच्या उजेडात चेहरा एकदम टीव्हीतल्यासारखा दिसतो, तो मला वर्षभर हवा होता. मी रिक्षाही केली नाही. खोकं एका काखेत, दिवा दुसऱ्या काखेत, अशी नौपाड्यातून खोपटपर्यंत चालत आले.

खोक्यात रोबो होता. आधी लाल ट्रक असायचा. मग दारं उघडून त्यांचे हात करायचे, मागचा हौदा दुमडून पाय, पुढचं तोंड खाली वळवून छाती, आणि आतून डोकं वर काढलं की वीतभर उंचीचा रोबो उभा. पाठीवरचं बटण दाबलं की डोळे निळे पेटायचे. खोक्यावर कुठल्या कंपनीचं धड नाव नव्हतं, पण काम चांगलं होतं. सांधे घट्ट, रंग एकसारखा, चाकं फिरणारी. मी तीनदा ट्रकचा रोबो केला, तीनदा रोबोचा ट्रक. चौथ्यांदा व्हिडिओ सुरू असताना छाती वळवली आणि पाठीवरचं छोटं झाकण टक्‌ करून उडालं. आतून नाण्याएवढा चपटा सेल निसटला, चादरीवरून घरंगळला आणि माझ्या गुडघ्याशी येऊन थांबला. मी हसले. ‘अरेच्चा, याचं काळीजच पडलं की!’ असं म्हणाले. सेल परत आत घातला, झाकण दाबलं. झाकणाला स्क्रूचं भोक होतं, पण त्यात स्क्रू नव्हता. पुन्हा वळवलं. पुन्हा उडालं.

विनोदशेठना फोन केला. ‘शेठ, सेलचं झाकण बसत नाहीये. छाती वळवली की पडतं.’

‘तुझा पीस लूज असेल गं. शंभरात एखादा असतो तसा. जोरात दाब ना.’

‘दाबलं. आणि स्क्रू पण नाहीये.’

‘बरं, ते तेवढं काढून टाक व्हिडिओतून. चांगलं बोललीयेस ना बाकी? मग झालं तर. दिवाळीचा माल आहे बेटा, तोंडावर आलंय सगळं.’

तो काही वाईट माणूस नव्हता. हे आज सांगते, तेव्हा तर मला तो देवमाणूसच वाटायचा. मी मोबाइल हातात घेतला, झाकण उडाल्यापासून मी हसेपर्यंतचा भाग बोटाने धरला आणि कापला. सात सेकंद. कापल्यावर व्हिडिओ इतका सफाईदार जुळला की मलाच कौतुक वाटलं. आणि शेवटी मी जे बोलले होते ते तसंच राहू दिलं : ‘दणकट आहे, मजबूत आहे, घरात छोटी भावंडं असतील तरी बिनधास्त घ्या.’ ते वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मीच, सुचलं म्हणून, बोलले होते.

चारच दिवसांनी दीपाताई गॅलरीत कपडे वाळत घालता घालता म्हणाली, ‘जुई, तो रोबो चांगला आहे ना गं? अर्णवने डोकं खाल्लंय. वाढदिवसाला तोच पाहिजे म्हणतो. पण ही बया आहे ना घरात, दिसेल ते तोंडात घालते.’ ओवी तिच्या पायाशी बसून चिमटा चोखत होती. माझ्या मनात झाकण आलं. आलंच नाही असं लिहिलं तर हे प्रकरण लिहिण्यात काही अर्थ नाही. आलं, आणि मी त्याला बाजूला सारलं. माझा पीस लूज होता, दुसरा कशाला असेल. ‘घे गं ताई, मस्त आहे,’ मी म्हटलं. ‘व्हिडिओत सांगितलंय ना मी.’ ती हसली. ‘तू सांगितलंस म्हणूनच तर.’

शनिवारी अर्णवचा वाढदिवस झाला. केक, वेफर्स, आईने केलेले घावणे आणि नारळाचा रस. अर्णवने रोबोचे डोळे पेटवून सगळ्यांना दाखवले. मी त्या वेळी मुद्दाम रोबो हातात घेऊन बघायला हवा होता. मी ओवीबरोबर फुगे उडवत बसले.

रविवारी बाबा गाडीवर होते. आईला रविवारी पोळ्यांना सुट्टी, म्हणून तिने बांगडे आणले होते आणि तिरफळं घालून तिखलं करायला घेतलं होतं. पलीकडून ओवीच्या रडण्याचा आवाज येत होता, पण तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. ओवी रडली तर डेपोपर्यंत ऐकू जायचं. हे रडणं आतल्या आत होतं, मध्येच घशात पाणी खळखळल्यासारखं. मी बघायला गेले. दीपाताईच्या खांद्यावर ती पडली होती. हनुवटीपासून झबल्यापर्यंत लाळ, आणि दीपाताईचा पदर ओला.

‘सकाळपासून दूध घेत नाहीये,’ ती म्हणाली. ‘घातलं की ओकते. आत्ताच गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवून आणली. घसा लाल झालाय म्हणाले, औषध दिलंय. दाढा पण येतायत तिच्या.’

‘होईल बरी,’ मी म्हटलं.

अर्णव कॉटखाली पोटावर पडून खेळत होता. मला बघितल्यावर बाहेर आला आणि रोबो माझ्यापुढे धरला. ‘जुईताई, याचे डोळे पेटत नाहीत.’

मी रोबो घेतला. पाठीवर झाकण नीट बसलेलं होतं. बटण दाबलं, काही नाही. झाकणाला नख लावलं आणि ते सहज हातात आलं. आतली जागा रिकामी होती. पत्र्याची छोटी पट्टी तेवढी चमकत होती.

मी अर्णवला विचारलं, ‘यातला सेल कुठेय?’ त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, ‘माहीत नाही.’ मी कॉटखाली गेले. फुटलेला फुगा, एक खडू, सुकलेला वेफर. शिलाई मशीनखाली हात घातला, चटई उलटली, पायपुसणं झटकलं. दीपाताई विचारत होती, ‘काय शोधतेस गं?’ आणि मी म्हणाले, ‘काही नाही, कानातलं पडलं माझं.’ ते लोहचुंबक खिळ्याला टांगलेलं होतं. तेही फिरवलं. त्याला एक टाचणी लागली.

मी घरी आले आणि मोरीत जाऊन कडी लावली. मोबाइलवर शोधलं. जे वाचलं ते इथे सगळं लिहीत नाही. असा सेल घशाखाली अडकला तर तो तिथे भाजत जातो, आतून, आणि काही तासांत भोक पाडतो, एवढं सांगितलं तरी पुरे. लाळ गळते. मूल गिळत नाही. बऱ्याचदा घसा आलाय असं वाटतं. प्रत्येक ओळ पलीकडच्या खोलीत चाललेलं वर्णन केल्यासारखी होती. आणि तरी मी मोरीत बसून राहिले. किती वेळ, ते मी आयुष्यभर मोजत आलेय. अर्धा तास नक्की. मनात एकच चाललं होतं : कशावरून गिळला असेल? उगाच सांगितलं आणि सेल सोफ्यात सापडला तर? आणि सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, तुला कसं कळलं? ओवीबद्दल मला भीती वाटत होती हे खरंच. पण तिच्याही आधी मला माझी भीती वाटत होती. आता मी तेव्हाच्या आईपेक्षा वयाने पुष्कळ मोठी आहे, माझ्यावर बरीच वाईट वेळ येऊन गेली, पण त्या अर्ध्या तासाएवढी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

पलीकडून खोकला आला. बारीक, कुत्र्याच्या पिल्लासारखा. मी कडी काढली.

‘आई, ओवीने सेल गिळलाय वाटतं.’

आईच्या हातात पळी होती. ‘कोणी सांगितलं?’

‘रोबोत सेल नाहीये. तिला गिळता येत नाहीये. आई, तो आत भाजतो.’

आईने गॅस बंद केला. हात धुतले नाहीत, पदर खोचला नाही. माझं मनगट धरलं आणि ओढत मला पलीकडे नेलं. मसाल्याचा लाल ठसा माझ्या मनगटावर संध्याकाळपर्यंत होता. ‘दीपा, उठ,’ ती म्हणाली. ‘पोरीला घे. मोठ्या हॉस्पिटलात जायचं. आत्ताच्या आत्ता.’

रिक्षात आम्ही पाच जण होतो. दीपाताई, तिच्या मांडीवर ओवी, आई, मी आणि माझ्या मांडीवर अर्णव. दीपाताई सचिनदादाला फोन लावत होती. तो ड्यूटीवर होता. ओवी रडत नव्हती आता. तोंड अर्धवट उघडं ठेवून श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वासाला घरघर. रविवार असूनही सिग्नल लागत होते, आणि रिक्षावाल्याने काही न विचारता उलट्या बाजूने गाडी घातली. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला पण पहिल्या ओळीपुढे काही आठवेना.

एक्स-रे निघाला. तरुण डॉक्टरीण होती, केस रबराने बांधलेले, डोळ्यांखाली काळं. तिने पडद्यावर बोट ठेवलं. ओवीच्या इवल्याशा बरगड्या, आणि त्यांच्या वर, गळ्याच्या खाली, पांढरा गोल. ‘नाणं असलं तर कडा एकच दिसते,’ ती म्हणाली. ‘याला बघा, आत अजून एक कडा आहे. हा सेल आहे. दुर्बिणीने काढावा लागेल. किती वेळ झाला गिळून?’

कोणालाच माहीत नव्हतं.

‘अंदाज सांगा. काल की आज? त्यावर ठरतं, आत किती भाजलं असेल.’

दीपाताई अर्णवकडे वळली. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. ‘अर्णव! तू दिलास का तिला? बोल! कधी दिलास?’ अर्णव भिंतीला चिकटला. त्याने चड्डी ओली केली होती, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ‘मी नाही दिला,’ तो म्हणत राहिला, ‘मी नाही, मी नाही.’ तिचा हात वर गेला.

मी मध्ये गेले आणि त्याच्यासमोर फरशीवर बसले. ‘अर्णव, इकडे बघ. सकाळी डोळे पेटले होते?’

त्याने मान हलवली. पेटले होते.

‘तू तेव्हा काय करत होतास?’

‘दूध पीत होतो.’

‘मग झाकण पडलं?’

तो रडायला लागला. ‘मी पाडलं नाही. ते आपोआप पडलं. मी झाकण लावलं परत. ते गोल मला नाही सापडलं.’

‘मला माहितीये तू नाही पाडलंस. ते आपोआपच पडतं. माझं पण पडलं होतं.’ मग मी ते बोलले, त्याच्याकडे बघत, कारण वर बघायची हिंमत नव्हती. ‘व्हिडिओ काढताना दोनदा पडलं होतं. मला माहीत होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही. तुझी काही चूक नाही. माझी आहे.’

दीपाताईचा हात हळूच खाली आलेला मला कोपऱ्यातून दिसला. मग तिने, अगदी सपाट आवाजात, डॉक्टरणीला सांगितलं, ‘दूध सात वाजता पितो तो. आता साडेबारा.’ डॉक्टरीण जवळजवळ धावतच गेली. नर्सने ओवीला दीपाताईच्या कुशीतून घेतलं, आत नेलं, आणि दार लागलं.

सचिनदादा आला तेव्हा त्याचा गणवेश पाठीला चिकटला होता. घोडबंदरला गाड्या तुंबल्या होत्या म्हणून तो बसमधून उतरून कापूरबावडीपर्यंत पळत आला होता. आईने त्याला सगळं सांगितलं. माझा भागही सांगितला, काही वगळलं नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता मारेल, आणि मारलं तर बरं होईल. त्याने एवढंच विचारलं, ‘बिनधास्त घ्या म्हणालीस ना तू? मीच बघितला होता तो व्हिडिओ. दोनदा.’ मी म्हटलं, ‘हो.’ तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि त्याने अर्णवला मांडीवर घेतलं.

ओवी वाचली, हे इथेच सांगून टाकते, कारण आम्ही त्या बाकावर जे भोगलं ते दुसऱ्या कोणाला उगाच भोगायला लावायची माझी इच्छा नाही. सेल निघाला. डॉक्टरणीने तो स्टीलच्या वाटीत दाखवला. एका बाजूने काळाठिक्कर पडला होता. पण ती म्हणाली की काढला म्हणजे संपलं नाही, आतली जखम अजून काही दिवस वाढू शकते, आणि त्या दिवसांत काहीही होऊ शकतं. तसे सोळा दिवस गेले. नाकातून नळी घालून दूध द्यायचे. त्यानंतरही कितीतरी महिने ठरावीक दिवशी तिला नेऊन आतली वाट रुंद करून घ्यावी लागायची. तिचा आवाज पुढेही थोडा खरखरीत राहिला. आज ती संसारी बाई आहे, आणि फोनवर तो आवाज आला की मी अजूनही आधी एक क्षण थांबते.

बाबा सोमवारी दुपारी आले. आईने त्यांना दारातच सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते जेवले, हात धुतले, आणि मला समोर बसवलं. म्हणाले, ‘ब्रेक ढिला आहे असं पायाला कळलं, की मी डेपोतून गाडी काढत नाही. वरचे बोंबलतात, पॅसेंजर शिव्या घालतात. काढत नाही. मागे बसलेल्यांना ब्रेक माहीत नसतो, मला माहीत असतो.’ एवढंच. मग म्हणाले, ‘चप्पल घाल.’

आम्ही नौपाड्यात गेलो. विनोदशेठ सुरुवातीला म्हणाले, असं कसं होईल, मग बाबांनी कपाटातलं नवं खोकं उघडून त्यांच्याच टेबलावर ट्रकचा रोबो केला. झाकण उडालं, सेल त्यांच्या बिलबुकावर पडला. शेठच्या कपाळावर घाम आला, रुमाल हातात असून त्यांनी पुसला नाही. दुसरं खोकं, तिसरं खोकं. पाचात चार. त्या संध्याकाळी मी कापलेले सात सेकंद जसेच्या तसे टाकले, आणि खाली काय झालं ते लिहिलं. ओवीचं नाव तेवढं टाळलं. शेठनी फोन करून विनवण्या केल्या, मग संतापले, मग गप्प झाले. पण घरपोच माल गेलेल्या लोकांचे पत्ते त्यांनी दिले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही कळव्याला, कल्याणला, डोंबिवलीला जिने चढत फिरलो. एका घरात बाईने दार अर्धवटच उघडलं, म्हणाली, आम्हाला काही घ्यायचं नाही. मी म्हटलं, ‘विकायला नाही आलो. तुमच्याकडचा रोबो बघायचाय.’ आत तीन वर्षांचा मुलगा रोबो घेऊन बसला होता. झाकण नव्हतंच. सेल मात्र अजून आत होता, कसाबसा अडकून. मी तो काढून घेतला, आणि जिन्यात येऊन मला उलटी झाली. व्हिडिओ मी त्यानंतर कधीच केले नाहीत.

दीपाताई माझ्याशी बोलत नव्हती. आईने रोज पेज, मऊ भात, हॉस्पिटलात डबा, सगळं केलं. ते ती घ्यायची, आईजवळ बसून रडायचीही. मी आले की पाणी प्यायला उठायची. गॅलरीत समोरासमोर आलो तर ती कपड्यांकडे बघायची. मी तिला दोष कधी दिला नाही. अर्णव तेवढा येऊन माझ्या दप्तराशेजारी बसायचा.

अशी पावसाळ्याच्या तोंडाची एक दुपार. ओवीला घरी आणून बरेच महिने झाले होते, पातळ पदार्थ ती गिळायला लागली होती. आई पोळ्यांचे पैसे आणायला गेलेली, बाबा गाडीवर. दारावर थाप पडली. उघडलं तर दीपाताई, कडेवर ओवी. शाळेतून फोन आला होता, अर्णव पडला होता, कपाळाला टाके घालायचे होते. तिने मजल्यावरची बाकीची दारं वाजवली असणार. सगळ्यांना कुलपं होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘पंधरा मिनिटं. तिला खायला काही देऊ नकोस.’ आणि ओवीला माझ्या हातात दिलं.

ती जिना उतरेपर्यंत मी दारातच उभी होते. मग आत आले आणि घाबरले. आमचंच घर, पण मला तिथे नुसत्या वस्तूच दिसायला लागल्या. दाराच्या कडीचा सैल खिळा, आईच्या औषधाची गोळी, बाबांच्या शर्टाचं बटण, देवापुढचं नाणं, तांदळात सापडलेला खडा. ओवीला एका हाताने घट्ट धरून मी दुसऱ्या हाताने सगळी फरशी चाचपली, गुडघ्यांवर, आत्ताच झाडलेली होती तरी. मग खोलीच्या मधोमध, भिंतीपासून लांब, तिला मांडीवर घेऊन बसले. तिने माझा कानातला डूल धरला. मी दोन्ही डूल काढून फळीवर ठेवले. ती खोकली. एकदाच, साधा खोकला, सगळ्या मुलांना येतो तसा. माझ्या पाठीवरून घाम गेला. मी तिचं तोंड उघडून बघितलं, आत चार दाढा आणि गुलाबी जीभ, दुसरं काही नव्हतं. ती हसली, तिला तो खेळ वाटला. तिने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा बघितलं मी.

पंधराची चाळीस मिनिटं झाली. ती माझ्या खांद्यावर झोपली, आणि मी हललेसुद्धा नाही, तिचा श्वास ऐकत राहिले. आत, बाहेर. मध्ये जरा लांबला की मी स्वतःचा रोखून धरायचे. हात पार बधिर झाला होता.

दीपाताई आली. अर्णवच्या कपाळाला पट्टी होती, त्याच्या हातात कुल्फी होती. ती दारात थांबली. आधी तिने फरशीवरून नजर फिरवली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग ओवीकडे बघितलं, तिची छाती वरखाली होतेय ना ते. मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, माझ्याकडे.

‘परवा त्याचे टाके दाखवायला जायचंय,’ ती म्हणाली. ‘दोन वाजता घरी असशील?’

मी मान हलवली. तिने ओवीला उचलून घेतलं, आणि मी तशीच फरशीवर बसून राहिले.